जेट-स्टर्ड रिॲक्टरमध्ये वायू नीट मिसळतात का, हे कसं तपासावं

जेट-स्टर्ड रिॲक्टर म्हणजे क्वार्ट्झचा एक पोकळ गोल. त्यात एका बाजूने सतत ताजा वायू येतो, दुसऱ्या बाजूने तेवढाच बाहेर जातो, आणि आत ढवळायला पंखा नसतो. ढवळण्याचं काम येणारा वायूच करतो, बारीक छिद्रांतून जोरात सुटणाऱ्या झोतांनी. ८०० किंवा १००० केल्विनला फिरता दांडा आणि त्याचं सील टिकवणं कठीण असतं. शिवाय पंख्याचा धातू स्वतःच उत्प्रेरक होऊन बसतो. ज्वलन आणि औष्णिक विघटनाच्या अभ्यासाला हा रिॲक्टर आवडतो तो यामुळे.

या रिॲक्टरचं सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे: आतल्या प्रत्येक बिंदूचं रासायनिक मिश्रण सारखं, आणि बाहेर पडणारा वायूही तसाच. हे खरं असेल तर आत आलेलं, बाहेर गेलेलं आणि तयार झालेलं एवढा साधा ताळेबंद मांडून अभिक्रियेचा वेग काढता येतो. खोटं असेल तरीही वेगाचा आकडा निघतोच, फक्त चुकीचा, आणि तो चुकीचा आहे हे त्या आकड्याकडे बघून कळत नाही. म्हणून मिश्रणाची चाचणी आधी घ्यायची (आत खुणेचा वायू, म्हणजे ट्रेसर, सोडायचा आणि तो बाहेरच्या तोंडाशी कसा ओसरतो ते मोजायचं), रसायनशास्त्र नंतर.

ही चाचणी बहुतेक ठिकाणी खोलीच्या तापमानाला घेतात, आणि ते योग्यच आहे. चूक होते ती वायूचा प्रवाह ठरवताना. प्रयोग ८०० केल्विनला २ सेकंदांच्या मुक्कामाने करायचा म्हणून थंड चाचणीही २ सेकंदांच्या मुक्कामाने घेतली, तर ती जवळजवळ नेहमीच पास होते आणि गरम रिॲक्टरबद्दल फारसं सांगत नाही. का, ते खाली आकड्यांनिशी येईल. (मुक्काम म्हणजे रेसिडेन्स टाइम: रिॲक्टरचं घनफळ भागिले आतल्या तापमानाला आणि दाबाला असलेला प्रवाह.)

आधी भूमिती बघा

हिशेबासाठी एक नेहमीचा आकार घेऊ. आतली त्रिज्या २८ मिमी, म्हणजे घनफळ सुमारे ९२ घन सेंमी. मध्यभागी चार नोझल, प्रत्येकाचं छिद्र ०.३ मिमी, चौघांची तोंडं चार वेगळ्या दिशांना, आणि एकही झोत बाहेर जाणाऱ्या तोंडाकडे रोखलेला नाही. फ्रान्समधल्या नान्सीच्या संशोधकांनी अशा रिॲक्टरच्या रचनेचे नियम १९७० च्या दशकात बसवले. ते आजही वापरात आहेत, आणि त्यांच्यामागचं भौतिकशास्त्र सोपं आहे.

झोत पुढे सरकताना आजूबाजूचा वायू ओढून घेतो. अंतर जितके नोझल-व्यास, त्याच्या सुमारे ०.३ पट इतका झोतातला एकूण प्रवाह वाढतो. मध्यापासून निघालेल्या झोताची वाट अंदाजे पाव वर्तुळाची धरली, तर ती २८ मिमी त्रिज्येच्या गोलात ४४ मिमी होते, म्हणजे १४७ व्यास. त्याला ०.३ ने गुणलं की ४४. याचा अर्थ, आत आलेल्या प्रत्येक भागामागे ४४ भाग वायू आतल्या आत फिरतो. नान्सीच्या नियमाप्रमाणे हा आकडा किमान ३० हवा, आणि त्यासाठी त्रिज्या नोझल-व्यासाच्या ६४ पटींहून मोठी लागते. आपल्या गोलात ती ९३ पट आहे. २ सेकंदांच्या मुक्कामाला एक फेरी सुमारे ४५ मिलिसेकंदांची पडते. तुमच्या अभिक्रियेचा सर्वांत जलद टप्पा याहून जलद असेल तर कोणतीही चाचणी पास झाली तरी 'पूर्ण मिसळलेला' हे वर्णन लागू पडणार नाही.

छिद्र आणखी बारीक केलं तर फिरवण्याचं प्रमाण वाढतं, पण झोताचा वेग ध्वनीच्या वेगाकडे जायला लागतो. चार नोझलच्या गोलासाठी कमीत कमी मुक्काम काढायचा सोपा हिशेब असा: त्रिज्येचा घन गुणिले ४, भागिले ३, मग नोझल-व्यासाच्या वर्गाने आणि ध्वनीच्या वेगाने भागायचं. ८०० केल्विनच्या नायट्रोजनमध्ये ध्वनीचा वेग सुमारे ५६५ मीटर प्रति सेकंद असतो, त्यावरून सुमारे ०.५८ सेकंद येतात. ही टोकाची मर्यादा झाली. प्रत्यक्षात निम्म्या वेगापलीकडे जाऊ नका, म्हणजे १.१५ सेकंदांखाली हा गोल वापरू नका. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा मुक्काम हवा असेल तर गोल लहान आणि छिद्र मोठं लागतं. फ्रान्समधल्याच ओर्लेआँच्या प्रयोगशाळेत म्हणूनच सुमारे ४ सेंमी व्यासाचा गोल आणि १ मिमीची नोझल वापरली गेली.

थंड आणि गरम यांतला फरक

आपल्या गोलात ८०० केल्विन, १.०६७ बार, नायट्रोजनने भरपूर पातळ केलेलं मिश्रण आणि २ सेकंदांचा मुक्काम धरा. आतला प्रवाह ४६ घन सेंमी प्रति सेकंद, प्रत्येक नोझलमधून ११.५, आणि झोताचा वेग १६३ मीटर प्रति सेकंद. घनता ०.४५ किलो प्रति घनमीटर, श्यानता (वायूचा चिकटपणा) ३५ मायक्रोपास्कल-सेकंद. रेनॉल्ड्स अंक (घनता, वेग आणि व्यास यांचा गुणाकार भागिले श्यानता; झोत किती जोमदार ते सांगतो) सुमारे ६३० येतो.

आता तोच २ सेकंदांचा मुक्काम ३०० केल्विनला आणि १ ॲटमॉस्फियरला. वेग तोच १६३, पण घनता १.१४ झाली आणि श्यानता १७.८ वर उतरली. रेनॉल्ड्स अंक ३१३०, म्हणजे पाचपट. इतका जोमदार झोत गरम रिॲक्टरला कधीच मिळणार नाही. थंड चाचणीत ट्रेसर ओसरण्याची जी सुंदर सरळ रेषा मिळते, ती त्या पाचपट जोमाची आहे.

उपाय सोपा आहे. चार नोझलमधला रेनॉल्ड्स अंक फक्त तीन गोष्टींवर ठरतो: एकूण वस्तुमान-प्रवाह, नोझलचा व्यास आणि श्यानता. नोझल तेच राहणार, म्हणून थंड चाचणीचा प्रवाह असा काढा:

थंड प्रवाह = गरम प्रवाह × थंड श्यानता ÷ गरम श्यानता

दोन्ही प्रवाह मास फ्लो कंट्रोलरच्या (वायूचा प्रवाह ठरावीक राखणाऱ्या यंत्राच्या) प्रमाण एककात घ्या. वरच्या उदाहरणात गरम प्रवाह ९९० प्रमाण घन सेंमी प्रति मिनिट आहे (० अंश सेल्सिअस, १ ॲटमॉस्फियर). त्यामुळे थंड चाचणीचा प्रवाह ५०३ होतो, आणि थंड गोलातला मुक्काम १० सेकंद. विसरणाच्या (रेणूंच्या आपोआप पसरण्याच्या) बाजूनेही तुलना बसते, कारण नायट्रोजनमध्ये घनतेने भागलेली श्यानता आणि विसरण यांचं गुणोत्तर दोन्ही तापमानांना जवळपास ०.७५ राहतं. आणखी एक फायदा असा की मुक्काम १० सेकंदांचा झाल्यामुळे मापक थोडा सुस्त असला तरी चालतो.

पातळ करायला हेलियम वापरणाऱ्यांनी इथे थांबून पुन्हा हिशेब करावा. त्याच गोलात, त्याच ८०० केल्विनला आणि २ सेकंदांना हेलियमचा रेनॉल्ड्स अंक ८० च्या आसपास येतो. हेलियममध्ये रेणूंचं विसरण नायट्रोजनच्या तिप्पट-चौपट वेगवान असतं, त्यामुळे थोडी भरपाई होते, पण झोत मंद आणि शांत राहतो. अंक ३०० च्या खाली गेला की आम्ही चाचणीशिवाय एकही आकडा ग्राह्य धरत नाही. हेलियमवरच्या प्रयोगासाठी चाचणीही हेलियममध्येच घ्या.

मांडणी

ट्रेसर म्हणून नायट्रोजनमध्ये १ टक्का आर्गॉन घ्या. घनता अर्ध्या टक्क्याहूनही कमी बदलते, आर्गॉन काचेला चिकटत नाही आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वस्तुमान ओळखणाऱ्या यंत्रावर) ४० या वस्तुमानाला स्वच्छ दिसतो. शुद्ध हेलियमचा झटका देऊ नका. तो हलका असल्यामुळे तुम्ही झोताचं मिश्रण मोजत नसून तरंगणं मोजत राहाल.

दोन वेगळे प्रवाह तयार ठेवा: एक ५०३ चा शुद्ध नायट्रोजन, दुसरा ५०३ चा आर्गॉनमिश्रित. चार-तोंडी व्हॉल्व्हने एक रिॲक्टरकडे आणि दुसरा व्हेंटकडे (वायू बाहेर सोडणाऱ्या नळीकडे) जाईल, आणि व्हॉल्व्ह फिरवला की अदलाबदल होईल. नुसता आर्गॉनचा कंट्रोलर बंद करून काम भागवू नका. कंट्रोलर हळूहळू बंद होतो, आणि तेवढ्यात एकूण प्रवाहही बदलतो. व्हेंटच्या नळीवर नीडल व्हॉल्व्ह बसवून तिथला दाब रिॲक्टरच्या बाजूएवढा करा, नाहीतर प्रत्येक अदलाबदलीला दाबाचा धक्का बसून वक्रावर उंचवटा येतो.

व्हॉल्व्हपासून नोझलपर्यंतची नळी आखूड ठेवा. २ मिमी आतल्या व्यासाची १ मीटर नळी ३.१ घन सेंमी वायू धरते, म्हणजे घनफळाच्या ३.४ टक्के. तेवढा उशीर वक्रात सरळ जमा होतो.

मापक निवडताना त्याच्या कोठडीचं घनफळ विचारा. अवरक्त किरणांवर चालणाऱ्या कार्बन डायऑक्साइड मापकांत ते ५० घन सेंमीही असू शकतं. ५०० घन सेंमी प्रति मिनिटाला ती कोठडी धुऊन निघायलाच ६ सेकंद लागतात, आणि १० सेकंदांच्या मुक्कामासाठी असं मापक निरुपयोगी ठरतं. मास स्पेक्ट्रोमीटरची केशनळी बाहेर जाणाऱ्या तोंडाजवळ ठेवा. सिग्नल घेताना ४० भागिले २८ (आर्गॉन भागिले नायट्रोजन) असं गुणोत्तर नोंदवा, म्हणजे आतल्या दाबाची चढउतार आपोआप निघून जाते.

प्रवाहाचे आकडे स्वतः पडताळा. कंट्रोलरचं प्रमाण तापमान ० अंश आहे, २० की २५, हे त्याच्या कागदात लिहिलेलं असतं. ० आणि २५ यांत ९ टक्क्यांचा फरक पडतो. साबणाच्या बुडबुड्याच्या मापकाने तपासत असाल तर कोरडा वायू आत ओला होतो हे लक्षात ठेवा, २७ अंशांना वाचन सुमारे ३.५ टक्के जास्त येतं. दाबही खरा घ्या. बाहेरचं तोंड हवेला उघडं असेल, तर त्याच कंट्रोलरच्या सेटिंगवर पुण्यातला मुक्काम मुंबईपेक्षा सुमारे ६ टक्के कमी भरतो, कारण पुणे ५६० मीटर उंचीवर आहे आणि तिथला हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. '१ ॲटमॉस्फियर' असं डोळे मिटून लिहिलं की ही चूक कायमची चिकटते.

चाचणी

१. केशनळी रिॲक्टरला वळसा देऊन थेट व्हॉल्व्हनंतर जोडा आणि व्हॉल्व्ह फिरवा. सिग्नल ३७ टक्क्यांवर यायला लागलेला वेळ म्हणजे मापक आणि नळी यांचा स्वतःचा काळ. तो मुक्कामाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी हवा, इथे १ सेकंद.

२. केशनळी पुन्हा रिॲक्टरच्या तोंडाशी बसवा. आर्गॉनमिश्रित प्रवाह किमान १० मुक्काम, म्हणजे १०० सेकंद चालू ठेवा. वरची पातळी स्थिर होऊ द्या.

३. व्हॉल्व्ह शुद्ध नायट्रोजनकडे फिरवा आणि तोच क्षण शून्य धरा. एका मुक्कामात किमान २० वाचनं मिळाली पाहिजेत.

४. पुन्हा १०० सेकंद थांबा. शेवटच्या २० सेकंदांची सरासरी ही तळाची पातळी. ती सगळ्या वाचनांतून वजा करा.

५. हे पाच वेळा करा. पाच वक्र एकमेकांवर बसत नसतील तर पुढे जाऊ नका, गळती किंवा व्हॉल्व्ह शोधा.

चढती बाजू (शुद्धाकडून मिश्रणाकडे) दोनदा घेऊन ठेवा. ती उतरत्या बाजूची आरशातली प्रतिमा निघाली नाही, तर दोष बहुधा मापकात असतो.

वक्र कसा वाचावा

आदर्श रिॲक्टरमध्ये ट्रेसर घातांकी उतरतो: एका मुक्कामानंतर ३६.८ टक्के, दोननंतर १३.५, तीननंतर ५, पाचनंतर ०.६७. उभ्या अक्षावर प्रमाणाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेतला की सरळ रेषा मिळते. रेषा ९० टक्क्यांपासून १० टक्क्यांपर्यंतच्या भागात बसवा. खाली जाल तसा तळाच्या पातळीतला बारीकसा दोषही मोठा होतो. तळ अर्ध्या टक्क्याने चुकला तर ५ टक्क्यांच्या बिंदूवर ती १० टक्के चूक होते.

वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजे सरासरी मुक्काम. त्यातून पायरी १ मधला मापकाचा काळ सरळ वजा करता येतो, कारण एकामागून एक जोडलेल्या भागांच्या सरासरी वेळा बेरजेनेच जमतात. उरलेल्या आकड्याची तुलना घनफळ भागिले प्रवाह याच्याशी करा. ३ टक्क्यांच्या आत जुळलं तर उत्तम.

मोजलेला मुक्काम हिशेबापेक्षा १० टक्के कमी आला तर लगेच 'मृत जागा' (जिथे झोत पोचत नाही असा कोपरा) असा निष्कर्ष काढू नका. आधी कंट्रोलरचं प्रमाण तापमान आणि दाब तपासा, मग गोलाचं घनफळ पाण्याने भरून वजनाने मोजा. मृत जागा तिसरी. अनुभव असा की बहुतेक वेळा दोष पहिल्या दोहोंतच सापडतो. मोजलेला मुक्काम जास्त आला तर गळती शोधा: वाटेत वायू निसटतो आणि रिॲक्टरला कमी मिळतो.

रेषा सुरुवातीलाच धपकन खाली येऊन मग सरळ उतरत असेल, तर ताज्या वायूचा काही भाग न मिसळता थेट बाहेर पळतो आहे. एखादा झोत बाहेरच्या तोंडाकडे वळलेला असतो, किंवा नोझलचा दांडा तापवताना किंचित वाकलेला असतो. हा दोष सर्वांत वाईट, आणि काच बनवणाऱ्याकडे परत जाण्याशिवाय त्याला इलाज नाही. उलट, सुरुवातीला सपाट भाग दिसून मग उतार लागत असेल, तर तो नळीचा उशीर आहे. पायरी १ च्या आकड्याशी ताडून पाहा.

शेवटी लांब शेपूट दिसली तर काचेत आडोसे शोधा. थर्मोकपलसाठी (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीसाठी) काढलेला ६ मिमी व्यासाचा आणि ३० मिमी लांबीचा फाटा ०.८५ घन सेंमीचा असतो, जेमतेम १ टक्का. पण झोत तिथे पोचत नाही. वायू फक्त विसरणाने आतबाहेर करतो आणि खोलीच्या तापमानाला त्याला सुमारे १८ सेकंद लागतात. फाटा क्वार्ट्झच्या दांड्याने भरून टाका.

ही चाचणी काय सांगत नाही

वायूचे गोळे गोलभर विखुरले, पण आतून वेगळेच राहिले, तरीही ट्रेसरचा वक्र आदर्श येतो. मुक्कामांच्या वाटणीवरून रेणूंच्या पातळीवरचं मिश्रण कळत नाही. पहिल्या क्रमाच्या अभिक्रियेला त्याने फरक पडत नाही, दुसऱ्या क्रमाच्या किंवा साखळी अभिक्रियेला पडतो. म्हणून इंधन आणि ऑक्सिजन नोझलच्या आधीच एकत्र मिसळलेले असावेत, पण इतक्या आधी नव्हे की वाटेतच पेटतील. नोझलआधीच्या गरम भागाचं घनफळ गोलाच्या घनफळाच्या २ टक्क्यांखाली ठेवा. ४ मिमी व्यासाची १०० मिमी नळी १.२६ घन सेंमीची होते, ती १.४ टक्क्यांत बसते.

तापमानही असंच स्वतंत्र तपासावं लागतं. प्रयोगाचं गरम मिश्रण इंधनाशिवाय सोडा, बारीक थर्मोकपल मध्यापासून भिंतीपर्यंत ५-५ मिमीने सरकवा आणि प्रत्येक ठिकाणी वाचन घ्या. फरक ५ केल्विनच्या आत हवा. नोझलमधून येणारा वायू थंड असेल तर झोतांच्या वाटेवर दरी दिसते, तेव्हा आधीचा तापक वाढवा. मग इंधन सोडून पुन्हा तेच करा. इंधन पातळच ठेवा. अर्धा टक्का मिथेन पूर्ण जळला तर उष्णता बाहेर न गेल्यास १२५ केल्विनची वाढ होते, आणि एवढ्याने गोलात एकसारखं तापमान राहत नाही.

नोझलची निगा

नवा गोल आला की गोल जोडण्याआधीच प्रत्येक नोझलचा प्रवाह सारख्या दाबाखाली वेगळा मोजून घ्या. ०.३० ऐवजी ०.३३ मिमीचं छिद्र २१ टक्के जास्त वायू सोडतं, आणि मग ढवळण एका बाजूला झुकतं. चौघांत ५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर गोल स्वीकारू नका.

क्वार्ट्झला उघड्या हाताने शिवू नका. बोटांवरच्या मिठातलं सोडियम तापल्यावर काचेत शिरतं आणि तिथे पांढरट, ठिसूळ डाग उठतो. हातमोजे घाला, तापवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नोझलआधीच्या बाजूला रिलीफ व्हॉल्व्ह हवाच. बाहेरची नळी तुंबली की काचेचा गोल फुटतो. बाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, तो थेट फ्यूम हूडमध्ये न्या.

रोजच्या कामात सर्वांत उपयोगी वाचन म्हणजे नोझलआधीचा दाब. वरच्या गरम स्थितीत झोताचा गतिज दाबच ६ किलोपास्कल असतो, प्रत्यक्ष फरक त्याहून थोडा जास्त. एक नोझल काजळीने बंद झालं तर उरलेल्या तिघांतून एक तृतीयांश जास्त वायू जातो, आणि दाबातला फरक जवळजवळ १.८ पट होतो. पहिल्या दिवशीचा आकडा वहीत लिहून ठेवा आणि रोज त्याच प्रवाहाला ताडून पाहा. तो १० टक्क्यांनी चढला की इंधन बंद करून नायट्रोजनने गोल १० मुक्काम धुवा, मग ९०० केल्विनच्या वर हवा सोडून काजळी जाळून टाका. दाब पूर्वीच्या आकड्यावर आला तरी ट्रेसर चाचणी पुन्हा एकदा घ्या, आणि ती ५०३ च्याच प्रवाहाला घ्या.